भागीदार नव्हे, कामगार!

पाठीवर पेटी बांधून घरोघरी माल पोचवणाऱ्याला कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात. ही कसली भागीदारी? नफा कंपनीचा, पेट्रोल, दंड आणि मोडलेला पाय मात्र कामगाराचा! मजुरी फेरीवर, म्हणून जीव धोक्यात घालून गाडी पळवावी लागते. दर ठरवताना या भागीदाराला कोणी विचारत नाही. एप्रिल 2023 मध्ये दिल्ली परिसरात एका कंपनीने फेरीचा दर 25 रुपयांवरून 15 वर आणला, तेव्हा कामगारांनी काम बंद पाडले.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांची दखल घेतली, पण मालक-कामगार नात्याबाहेर ठेवून! कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत भरायची, तीही कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंतच. म्हणजे योजना मिळेल. किमान वेतनाचा हक्क नाही. आम्हाला ही मखलाशी मान्य नाही. जो दर ठरवतो, काम देतो आणि काढतो, तो मालकच! कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि अपघाताची पूर्ण भरपाई या आमच्या मागण्या आहेत. त्या एकेकट्याला मिळणार नाहीत. युनियनमध्ये या, संघटित व्हा!