आधी हातानं, मग ‘ऑटो’!

‘मेनफ्रेम’ हा शब्द काढला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली, “ते अजून आहे?” आणि दुसरी, प्लेसमेंटनंतरची, “अरे देवा, मला मेनफ्रेमला टाकलं!” याच कॉलेजातून बाहेर पडल्यावर मलाही तिथंच टाकलं. पण कोबोल लिहायला नाही, तर त्याच्याही खाली, जिथं वायर लागते तिथं. त्या कामातल्या एका छोट्या भागाबद्दल माझं ठाम मत झालंय, तेच इथं मांडतो.

आधी थोडी थिअरी (झोपू नका!). आयबीएमनं १९६४ मध्ये सिस्टिम/३६० आणली, तेव्हापासून या मशीनचं एक तत्त्व कायम आहे : डिस्क-टेपशी बोलायची हमाली प्रोसेसर स्वतः करत नाही, त्यासाठी वेगळे ‘चॅनेल’ असतात. प्रत्येक चॅनेलच्या वाटेला हेक्साडेसिमलमध्ये दोन अंकी नंबर असतो, ०० ते एफएफ, म्हणजे २५६ वाटा. हा नंबर म्हणजे सीएचपीआयडी, बोलताना ‘चिपिड’. पण तो फक्त लॉजिकल. केबल जिथं खोचतात त्या पोर्टचा नंबर वेगळा, तो ‘पीचिड’. चिपिड म्हणजे रोल नंबर आणि पीचिड म्हणजे परीक्षेचा बाक, एवढं लक्षात ठेवा.

२००३ च्या झेड९९० मशीनपासून एकाच मशीनमध्ये अनेक ‘चॅनेल सबसिस्टिम’ आल्या. म्हणजे ‘अ’ तुकडीतही रोल नंबर ४० आणि ‘ब’ तुकडीतही ४०! मग कुणी कुठल्या बाकावर बसायचं हे कंपनीकडून ठरून येणं बंद झालं. ते आपणच ठरवायचं. त्यासाठी ‘चिपिड मॅपिंग टूल’ आहे. त्याला दोन फाईली द्यायच्या. मशीनमध्ये कुठली कार्डं कुठं आहेत त्याची एक, आणि कुठली वाट कुठल्या कंट्रोल युनिटकडे जाते त्याची दुसरी. पुढे दोन पर्याय : टूललाच वाटप करायला सांगा, नाहीतर एकेका चिपिडला हातानं पीचिड द्या.

आता बहुतेकांचं म्हणणं, “टूल आहे ना, मग डोकं कशाला चालवायचं?” माझं मत उलटं आहे. महत्त्वाच्या वाटा आधी हातानं लावाव्यात, उरलेल्या टूलवर सोडाव्यात.

का? पावसाळ्यातलं एखादं गाव आठवा. गावाला दोन रस्ते, म्हणून सगळे निर्धास्त. पण दोन्ही रस्ते एकाच फरशी पुलावरून जातात. पूल पाण्याखाली गेला की गाव तुटलं! इथं तो पूल म्हणजे एकच कार्ड, किंवा अनेक कार्डं बसवलेला एकच ड्रॉवर. मशीनच्या आतले असे पूल टूलला छान दिसतात. पण मशीनच्या बाहेर त्याला काही दिसत नाही. पोर्टमधून निघालेल्या दोन केबल फरशीखाली एकाच डक्टमधून जातायत का, हे त्याला कोण सांगणार? बँकेच्या खात्यांची डिस्क कुठली आणि टेस्टिंगची कुठली, हेही त्याला आपोआप कळत नाही. प्राधान्य भरायची सोय आहे, पण भरायचं माणसानंच.

अर्थात हातानं करणाऱ्यांचाही एक रोग आहे : नीटनेटकेपणा! समजा दोन ड्रॉवर, प्रत्येकात दोन कार्डं, प्रत्येक कार्डावर दोन पोर्ट. दोन कंट्रोल युनिट, प्रत्येकाला चार वाटा. सुबक हाताचा माणूस पहिल्या युनिटच्या चारही वाटा पहिल्या ड्रॉवरमध्ये ओळीनं लावतो, दुसऱ्याच्या दुसऱ्यात. कागदावर काय देखणं दिसतं! पण पहिला ड्रॉवर गेला की पहिलं युनिट ठार बंद. त्याऐवजी प्रत्येक कार्डावर प्रत्येक युनिटची एकेक वाट द्या. आता कार्ड गेलं तर प्रत्येकाची एक वाट जाते, ड्रॉवर गेला तर दोन. दिसायला गबाळं, पण काम चालू! म्हणून हातानं लावल्यावर टूलचा रिपोर्ट वाचायचाच. कुठल्या वाटा एकाच पुलावर आल्यात ते तो बरोबर दाखवतो. टूल परीक्षक म्हणून फर्स्ट क्लास आहे. पेपर मात्र आपण लिहावा.

“शेकडो वाटा हातानं? वेळ कुणाला आहे?” हा आक्षेप खरा आहे. पण सगळ्या लावा असं मी म्हणतच नाही. ज्या बंद पडल्या तर धंदा बंद पडेल, तेवढ्याच लावा. त्या मोजक्याच असतात. रात्री दोनला फोन येतो, “अमुक पोर्ट गेला.” ज्यानं ती वाट स्वतः लावलीय, तो अंथरुणातूनच सांगतो की बाकीच्या तीन वाटा कुठल्या कार्डांवर आहेत आणि घाई करायची की नाही. ज्यानं नुसतं बटण दाबलं होतं, तो आधी रिपोर्टची फाईल शोधायला लागतो.

आणि हे काही मेनफ्रेमपुरतं नाही. सर्व्हर, स्विच, क्लाऊड... सगळीकडे ‘आपोआप’ची बटणं आहेत. ती जरूर वापरा. पण ती काय ठरवतात, हे एकदा तरी स्वतः ठरवून बघा. आपल्या लॅबमध्ये आऊटपुट आलं की जर्नलवर सही मिळते. वायर कुठं जाते, हे व्हायवाला कुणी विचारत नाही.

म्हणून सरांना एक विनंती. वर दिलेलं गणित, दोन ड्रॉवर, चार कार्डं, आठ वाटा, एका पिरियडला फळ्यावर घ्या. मेनफ्रेम लागत नाही, खडू पुरतो. पोरं वाटा लावतील, तुम्ही एकेक कार्ड पुसत जा. किती जणांची मशीन चालू राहते ते बघाच!