वाट कुणाची, धाव कुणाची? अकोल्याच्या डोंगरातल्या ट्रेल रनिंगविषयी थोडं स्पष्ट



पहाटे पाच वाजता अकोले-राजूर रस्त्यावर उभं राहिलं की धावणारी पोरं दिसतात. पायात शे-दोनशे रुपयांचे बूट, अंगात जुनी बनियन. ही आपली पोरं, आपल्या पोरी. त्या धावतात पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. भरती झाली तर धावणं सार्थकी लागलं, वय उलटलं तर बूट माळ्यावर गेले.

हिवाळ्यात शनिवार-रविवारी याच तालुक्यात दुसरी धावणारी माणसंही दिसतात. भंडारदरा, रतनवाडी, बारी, पाचनई या बाजूला मुंबई-पुण्या-नाशिकच्या गाड्या येतात. पाठीवर पाण्याची पिशवी, मनगटावर अंतर मोजणारं घड्याळ. या खेळाला ट्रेल रनिंग म्हणतात, म्हणजे डांबरी रस्ता सोडून डोंगर-जंगलातल्या पायवाटांनी धावणं. सह्याद्रीत तो झपाट्याने वाढतो आहे. सिंहगड-राजगड-तोरणा या पट्ट्यात तर शंभर किलोमीटरपर्यंतची स्पर्धा होते. अकोल्याच्या वाटांचे नकाशेही मोबाइलवर फिरू लागले आहेत.

आम्ही या खेळाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. डोंगरात धावणं ही सुंदर गोष्ट आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या वाटेवर ही धाव आहे ती वाट कुणी पाडली? आणि त्या वाटेवरच्या माणसाचं या खेळातलं स्थान काय?

सह्याद्रीत पायवाट आपोआप तयार होत नाही. बारीहून कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर जाणारी वाट असो, पाचनईतून हरिश्चंद्रगडावर चढणारी असो किंवा साम्रदहून करोली घाटाने खाली डेहण्याला उतरणारी असो, या वाटा पिढ्यानपिढ्यांच्या पायांनी घडवल्या. हिरडा गोळा करणाऱ्या बाया, गुराखी पोरं, राजूरच्या बाजाराला डोक्यावर ओझं घेऊन जाणारे महादेव कोळी आणि ठाकर. इंग्रजांविरुद्ध बंड करून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. त्यांचं बंड याच जंगलवाटांच्या आधाराने टिकलं. तरीही कुणी शहरातून येऊन जीपीएस लावून तीच वाट धावतो आणि लिहितो, 'नवी वाट शोधली.' शोधली? कोलंबसानेही अमेरिका अशीच शोधली होती!

आता कायद्याकडे येऊ. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. त्यानंतर इथल्या माणसाला आपल्याच रानात सरपण आणताना, गुरं चारताना विचारलं जाऊ लागलं, 'तू इथं काय करतोस?' वन्यजीव संरक्षण कायद्यात मात्र पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देण्याची सोय आहे. म्हणजे एकाच वाटेवर चालणारी दोन माणसं. एकाच्या हातात परवाना, दुसऱ्याच्या डोक्यावर मोळी. एक 'निसर्गप्रेमी', दुसरा 'अतिक्रमण करणारा'. ही विभागणी आम्हाला ओळखीची वाटते. कोणत्या रस्त्याने कुणी चालायचं हे ठरवणारी व्यवस्था या देशात फार जुनी आहे.

रस्ता हा आपल्या चळवळीचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. केरळात अय्यंकालींनी १८९३ साली बंदी झुगारून सार्वजनिक रस्त्यावरून बैलगाडी हाकली. १९२४ साली वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्याकडे चालत गेले. पाणी सार्वजनिक असेल तर पाण्यापर्यंतची वाटही सार्वजनिक, हे त्या पावलांनी सिद्ध केलं.

काही मित्र म्हणतील, 'खेळात कशाला जात आणता?' आम्ही आणत नाही, ती आधीपासूनच तिथे आहे. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाचे सर्वांत प्रभावी गोलंदाज ठरले, पण पुण्याच्या मैदानावर त्यांना चहा वेगळ्या पेल्यात मिळत होता. धावण्याच्या खेळातलंच उदाहरण हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेची कॉम्रेड्स मॅरेथॉन बघा. सुमारे नव्वद किलोमीटरची ही शर्यत १९२१ साली सुरू झाली. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू ती पूर्ण करून गेला, पण अधिकृत निकालात त्याला जागा नव्हती. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडलं. आणि १९८९ मध्ये सॅम त्शाबालाला पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरला. पायांत ताकद आधीही होती. बंद होतं ते फाटक.

आपल्याकडे आज कुठल्याही शर्यतीच्या फाटकावर जात लिहिलेली नसते. तिथे प्रवेश शुल्क लिहिलेलं असतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते डोंगराकडच्या एका वाडीत वनहक्काच्या बैठकीला गेलो होतो. नेमकी त्याच दिवशी जवळून एक शर्यत जात होती. वाडीतला एक पोरगा धावपटूंना पाणी द्यायला रोजंदारीवर बसला होता. आम्ही सहज विचारलं, 'तू का नाही धावत?' तो हसला. म्हणाला, 'दादा, जेवढी फी आहे तेवढी माझी आठवड्याची मजुरी. आणि ह्या चढाला मी रोज गुरांमागं जातो, त्याचं मेडल कोण देणार?' आयोजकांना विचारलं, की ग्रामसभेला कळवलं होतं का? उत्तर आलं, 'परवानगी वरून घेतली आहे.'

हे 'वरून' म्हणजे काय, तेच समजून घ्यायला हवं. अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ साली आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिला. कलम ५ ने तर ग्रामसभेला जंगल, वन्यजीव, पाणलोट आणि आपला सांस्कृतिक वारसा जपण्याचे अधिकार दिले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली असा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. या कायद्यांत 'धावण्याची स्पर्धा' हा शब्द कुठेही नाही, हे मान्य. पण गावाच्या जंगलातून शेकडो माणसं जाणार असतील आणि ग्रामसभेला विचारायचंच नसेल, तर हे कायदे कशासाठी केले?

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. 'गावाला पैसा मिळतो ना!' मिळतो. वाटाड्याला, जेवण करून देणाऱ्या ताईला, तंबू लावणाऱ्या पोराला मिळतो, आणि त्याची आम्हाला किंमत आहे. पण मजुरी आणि मालकी यांत फरक असतो. या तालुक्याने तो फरक शंभर वर्षं सोसला आहे. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झालं. प्रवरेच्या पाण्यावर खालच्या भागात ऊस उभा राहिला, कारखाने आले, घराणी मोठी झाली. आणि घाटघर-रतनवाडीच्या डोंगरात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळूनही उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन फिरतात. पाणी गेलं, आता वाटाही तशाच जाणार का? काजव्यांच्या हंगामात गाड्यांच्या दिव्यांनी आणि गोंगाटाने इथल्या रानाचं काय होतं, तेही आपण पाहिलं आहे.

आता थोडं आपल्याकडेही बोट वळवू. आंबेडकरी चळवळ म्हणून आपण अकोल्याच्या डोंगरात किती वेळा गेलो? जयंतीच्या मिरवणुकीत हजारो येतात, ग्रामसभेच्या बैठकीला किती? आदिवासींचा प्रश्न आदिवासी बघतील, ही वृत्ती आपल्यातही आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. फोड आलेली, सोललेली ती पावलं देशाने पाहिली. वनजमिनीचा हक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. एप्रिल २०२३ मध्ये अकोल्याहूनच लोणीच्या दिशेने लाँग मार्च निघाला. आम्हाला विचाराल तर सह्याद्रीतली सर्वांत मोठी अंतरं या पायांनी कापली आहेत, आणि तीही पदकासाठी नाही.

आणि धावणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणणंही आपण सोडायला हवं. बाबासाहेबांनी मजूर मंत्री असताना कामाचे तास कमी करण्यासाठी कायदा पुढे आणला, तो का? कष्टकऱ्याच्या वाट्याला विश्रांती, वाचन, खेळ यावा म्हणून. फुरसत हादेखील हक्क आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. ती ज्या मातीतून आली ती माती अकोल्यातही आहे. मग आपल्या पोरांची धाव भरतीच्या १६०० मीटरवरच का संपावी?

म्हणून आमचं म्हणणं चार मुद्द्यांत मांडतो.

एक, अकोल्याच्या जंगलातून जाणाऱ्या कुठल्याही स्पर्धेआधी वाटेवरच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा लेखी ठराव हवा. नाही म्हणण्याचा अधिकारही त्यातच आला.

दोन, प्रवेश शुल्कातला ठरलेला वाटा थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावा आणि त्याचा हिशेब गावात वाचला जावा. वाटाड्या आणि बचावकार्य करणाऱ्या पोरांचा विमा आयोजकांनी उतरवावा.

तीन, स्थानिक धावपटूंना शुल्क नको, आणि वाटांना गावातलीच नावं हवीत. शहरात बसून ठेवलेली इंग्रजी नावं नकोत.

चार, हे काम आपलं आहे. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, पाऊस सरलेला असतो आणि वाटा मोकळ्या असतात. त्या दिवशी गावकऱ्यांना विचारून, त्यांच्याच पोरांच्या मागे, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत धावू. प्रत्येक वाडीत उद्देशिका वाचू आणि वनहक्काच्या दाव्यांचं काय झालं ते लिहून घेऊ. त्यासाठी घड्याळ नको, वही-पेन हवं.

भरतीला धावणाऱ्या पोरांनो, तुम्ही तर याच. छातीवर नंबर नसला तरी चालेल. वाट तुमची आहे, हे आधी तुम्हाला कळू द्या.

जय भीम! जय जोहार!