एम१ : बखर आणि अस्सल कागद

१/ केवळ बखर वाचून कोणी शिवकालाविषयी ठाम बोलू लागला, तर आपण लगेच विचारतो : अस्सल कागद पाहिला का? जुन्या सिंथेसायझरांविषयी मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कोर्ग या जपानी कंपनीच्या, १९८८ साली आलेल्या एम१ची कीर्ती मोठी. त्याचा कच्चा ध्वनी ऐकलेले थोडे. माझ्या मते निवाडा तिथूनच सुरू व्हावा.

२/ एम१च्या कायमस्वरूपी स्मृतीत वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे, म्हणजेच सँपल, साठवलेले आहेत. कळ दाबली की तुकडा वाजतो. मग फिल्टर, आणि शेवटी रिव्हर्ब-कोरस यांचा साज चढतो. कारखान्यातून सजवून आलेला ध्वनी ही बखर. इफेक्ट बंद, फिल्टर पूर्ण उघडा, तुकडा एकटा : हा अस्सल कागद.

३/ हा कागद फार तोकडा आहे. सँपलसाठी स्मृती अवघी ४ मेगाबाइट. सीडीच्या दर्जाने, एकाच वाहिनीत नोंदले तर तेवढ्यात जेमतेम पाऊण मिनिटाचा ध्वनी मावेल. त्यात पियानो, व्हायोलिनवृंद, बासरी, मानवी कंठ, ढोल, झांजा, सारेच कोंबायचे! म्हणून पियानोच्या मोजक्या पट्ट्यांचे मुद्रण घेऊन तेच वरखाली ताणले. आरंभीचा आघात खरा; पुढे एक इवलासा अंश पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि यंत्र त्याचा आवाज हळूहळू उतरवते.

४/ स्मृती महाग होती, हे त्यामागचे कारण. १९८७च्या रोलँड डी-५०ने याच अडचणीतून वेगळी वाट काढली होती : सँपल बहुधा आघातापुरते, पुढचा स्वर यंत्राने घडवलेला. कान वाद्य ओळखतो तो मुख्यतः आघातावरून, हे त्या अभियंत्यांनी नेमके हेरले होते.

५/ आता परीक्षा. एम१च्या पियानोची खालची एक पट्टी दाबून धरा. काही क्षणांतच लाकूड, तारा, खोली सारे विरते आणि एकसुरी गुंजन उरते. पियानो म्हणून हा ध्वनी नापास, हे मान्य करायला मला संकोच नाही. शिवाय एम१च्या फिल्टरला रेझोनन्सच नाही. त्यामुळे मूळ तुकड्याचा स्वभाव फारसा पालटता येत नाही. म्हणून तर इथे कच्चा ध्वनी निर्णायक ठरतो.

६/ पण ‘नापास, म्हणून टाकाऊ’ हा निकाल मला अनैतिहासिक वाटतो. हाउस संगीतकारांना खरा पियानो हवा होताच कुठे? त्यांना हवा होता दणदणीत ढोलातूनही स्पष्ट उमटणारा कडक, चकचकीत आघात. आणि तोच तर या तोकड्या तुकड्यात शाबूत राहिला होता. १९९३ साली गाजलेल्या, रॉबिन एस. यांच्या ‘शो मी लव्ह’मधला ऑर्गनही एम१चाच, ‘ऑर्गन २’. खऱ्या ऑर्गनशी त्याचे नाते दूरचे, तरी दोन स्वरांत ओळखू येतो.

७/ कोणी म्हणेल, श्रोत्यांनी ऐकली ती बखरच. कागदाचे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. ‘युनिव्हर्स’ या सजवलेल्या ध्वनीचे विशालपण मुख्यतः रिव्हर्बवर उभे आहे. तिथे बखरीचेच पारडे जड. पियानो आणि ऑर्गनच्या बाबतीत मात्र मी कागदाच्या बाजूने आहे. एम१ची सॉफ्टवेअर आवृत्ती कोर्गनेच काढली आहे. तिच्यात इफेक्ट बंद करून ऐका आणि वाद घालायला या.