तीस वर्षं असिस्टंटच



भाचीकडे अमेरिकेत एम्सला गेले होते. आयोवा राज्यातलं गाव. नजर जाईल तिथवर मका नाहीतर सोयाबीन. तिथल्या विद्यापीठात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह, हर्बेरियम, आहे आणि त्याला एका बाईंचं नाव आहे : एडा हेडन. ते ऐकून बरं वाटलं. मग बाईंची माहिती वाचली आणि बरं वाटणं ओसरलं.

बाई १८८४ साली एम्सजवळच जन्मल्या. १९१८ मध्ये तिथून पीएच.डी. मिळवणारी ती पहिली स्त्री. क्ले आणि पालो आल्टो या खेड्यापाड्यांच्या कौंटींत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागांत, तळ्यांच्या मुलखात हिंडून त्यांनी वनस्पती गोळा केल्या. रोप खणायचं, टिपकागदात दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं, खाली चिठ्ठी : नाव, जागा, तारीख, गोळा करणारीचं नाव. संग्रहात त्यांनी असे तीस हजारांहून जास्त नमुने घातले. किचकट, निमूट काम. पण नांगर फिरण्याआधी तिथं काय उगवत होतं, याचा पुरावा अशा कागदांतच राहतो. आयोवातल्या मूळ कुरणांपैकी आज हजारात एक एकरही उरलेला नाही. उरलेले कोणते तुकडे राखावेत, हे बाईंनी चाळीसच्या दशकात लिहून दिलं. हॉवर्ड कौंटीतल्या २४० एकर कुरणाला आज त्यांचं नाव आहे.

आणि पद? १९२० साली असिस्टंट प्रोफेसर. १९५० साली वारल्या तेव्हाही असिस्टंट प्रोफेसर! संग्रहाच्या क्युरेटर झाल्या त्या १९४७ मध्ये, साठी उलटल्यावर.

कुणी म्हणेल, काम तर करू दिलं ना? हे 'करू दिलं'च मला खटकतं. मी होते त्या कचेरीत रजिस्टरं मी लिहायची, सही साहेबांची. निवृत्तीला शाल मिळाली, बढती नाही.

"मावशी, चिठ्ठीवर तरी त्यांचं स्वतःचं नाव आहे," भाची म्हणाली. खरंय. तिकडच्या जुन्या कित्येक चिठ्ठ्यांवर बाईच्या नावाऐवजी नुसतं 'मिसेस' आणि नवऱ्याचं नाव असतं.

पुतळे, पाट्या, पुरस्कार यांच्या मागण्या आपणही करतो. कराव्यात. पण पुढच्या बैठकीला येताना आपापल्या शाळा-कचेऱ्यांतून एक यादी आणा : कोणती बाई किती वर्षं एकाच पदावर आहे, आणि तिच्या हाताखाली शिकलेले पुरुष आज कुठल्या खुर्चीत बसलेत.