गिऱ्हाईक रेंगाळलं म्हणजे धंदा झाला?

भोसरीच्या एका ऑइल सील विक्रेत्यांनी या आठवड्यात मला त्यांच्या वेबसाइटचा मासिक अहवाल पाठवला. सोबत निरोप होता, "तुम्ही सारखं लिहिता ना, मोजा म्हणून? हे बघा, मोजलं." अहवाल त्यांच्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीने तयार केलेला. पहिल्याच पानावर वर जाणारा हिरवा बाण: वेबसाइटवर आलेला माणूस सरासरी किती वेळ थांबतो, तो आकडा जवळपास दुप्पट झालेला. एका भेटीत तो किती पानं उघडतो, तेही वाढलेलं. मालक खूश होते. मी अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि मला संताप आला, कारण हा वेळ कशामुळे वाढला ते त्याच अहवालात 'या महिन्यात केलेली कामं' या मथळ्याखाली लिहिलेलं होतं.

पहिल्या पानावरचा मापांचा तक्ता काढून 'कॅटलॉग'मध्ये हलवला. कॅटलॉग उघडण्याआधी नाव, ईमेल आणि मोबाइल नंबर मागणारा फॉर्म टाकला. वर ठळक दिसणारा फोन नंबर 'संपर्क' या पानावर नेला. कंपनीच्या वाटचालीचा व्हिडिओ आपोआप सुरू होईल असा बसवला.

आता चाकणच्या एखाद्या कारखान्यातला मेन्टेनन्सवाला डोळ्यांपुढे आणा. कन्व्हेयरच्या गिअरबॉक्समधून तेल गळतंय, लाइन बंद पडलीय, सुपरवायझर डोक्यावर उभा आहे. काढलेल्या जुन्या सीलवर पुसट आकडे दिसतात, ३५-५२-७. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. तेलकट बोटांनी तो मोबाइल उघडतो. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: हे माप तुमच्याकडे आहे का, आणि फोन कुणाला करू. पूर्वी दोन्ही पहिल्या पानावर मिळायच्या. आता तो 'उत्पादनं' उघडतो, मागे येतो, 'आमच्याविषयी' उघडतो, व्हिडिओ बंद करायची खूण शोधतो, कॅटलॉगपाशी फॉर्म पाहून वैतागतो. ही सगळी वणवण अहवालात 'एंगेजमेंट' म्हणून जमा होते. फोनवरच्या चौकशा वाढल्या का, असं मी मालकांना विचारलं. जरा थांबून ते म्हणाले, "वाढल्या असं काही जाणवलं नाही. कमीच असतील थोड्या." अहवालात चौकशांचा रकानाच नव्हता.

ज्या आकड्यावर ही सगळी मंडळी भाळतात, तो निघतो कसा, हेही बघायला हवं. गूगल ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेईनाशी झाली. त्या आवृत्तीत एकच पान वाचून माणूस निघून गेला, तर त्याचा वेळ शून्य धरला जायचा, कारण वेळ मोजायला पुढचं पान उघडावं लागे. म्हणजे तक्ता नीट वाचून, माप टिपून फोन करणारं पक्कं गिऱ्हाईक हिशेबात शून्य सेकंद आणि वर 'बाउन्स'. नव्या आवृत्तीत जरा सुधारणा आहे. भेट दहा सेकंदांहून जास्त चालली, किंवा दोन पानं उघडली गेली, किंवा मालकाने ठरवून दिलेली एखादी महत्त्वाची कृती घडली, की ती 'एंगेज्ड' भेट ठरते. यातली तिसरी अट सगळ्यांत मोलाची, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या धंद्यांच्या वेबसाइटवर तीच कुणी भरून ठेवत नाही. कोणती कृती महत्त्वाची, हे यंत्राला कळणार कसं? ते मालकानेच सांगायचं असतं.

या बाबतीत मला सगळ्यांत बोलकी वाटते ती एकाच कंपनीतली दोन खाती. गूगल शेअर बाजारात उतरलं त्या वर्षी, २००४ मध्ये, लॅरी पेज यांनी एका मुलाखतीत आपलं धोरण स्पष्ट केलं होतं: इतर पोर्टलं माणसाला धरून ठेवायला बघतात, आम्हाला मात्र त्याने लवकरात लवकर आमच्याकडून बाहेर पडून योग्य जागी पोहोचायला हवंय. सर्च खात्याचं सगळं शहाणपण या धोरणातून आलं. २००९ मध्ये गूगलने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शोधाचे निकाल मुद्दाम १०० ते ४०० मिलिसेकंद उशिरा दाखवले होते. डोळ्याची पापणी लवावी एवढाच उशीर, पण माणशी शोधांची संख्या ०.२ ते ०.६ टक्क्यांनी घटली. लोकांना का ते सांगता आलं नसतं, तरी त्यांनी शोधणं कमी केलं. उशीर न केल्यामुळेच माणूस परत येतो, हे त्या खात्याने मोजून पाहिलेलं होतं.

आता त्याच कंपनीचं यूट्यूब. क्रिस्टोस गुड्रो हे इंजिनिअर २०११ मध्ये गूगलच्याच दुसऱ्या विभागातून तिकडे गेले. जॉन डोअर यांच्या २०१८ च्या 'मेझर व्हॉट मॅटर्स' या पुस्तकात त्यांनी बो टाय बांधण्याचं उदाहरण दिलंय. समजा, बो टाय कसा बांधायचा हे शिकवणारे दोन व्हिडिओ आहेत. एक मिनिटभराचा, नेमका, बघितला की येतंच. दुसरा दहा मिनिटांचा, विनोदांनी भरलेला, बघायला मजा येते, पण शेवटी टाय बांधता येईलच असं नाही. आधी कोणता दाखवायचा? सर्चमधले लोक म्हणणार, अर्थात पहिला. गुड्रो यांचं म्हणणं होतं, दुसरा. यूट्यूबवर माणूस करमणुकीला येतो, आणि तो किती वेळ बघत राहिला हेच त्याच्या समाधानाचं माप. त्यांचं म्हणणं मान्य झालं. २०१२ मध्ये शिफारशींचा आधार 'किती वेळा बघितलं' ऐवजी 'किती वेळ बघितलं' हा झाला. व्ह्यूज लगेच सुमारे २० टक्क्यांनी कोसळले आणि तरीही कंपनी मागे हटली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी उद्दिष्ट ठरवलं: २०१६ संपायच्या आत रोज एक अब्ज तास. तेव्हाच्या दहापट! ते गाठलंही, ठरल्या मुदतीत.

एकाच मालकाची दोन खाती, आणि दोघांची मोजपट्टी अगदी उलट. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. यूट्यूब माणसाचा वेळ जाहिरातदाराला विकतं, तेव्हा वेळ हाच तिथला माल. सर्चकडे माणूस पुन्हा येतो तो काम झटपट झालं म्हणून. भोसरीच्या दुकानाकडे येणारा माणूस यातला कोणता? उघडच सर्चवाला. त्या दुकानाच्या वेबसाइटला यूट्यूबची मोजपट्टी लावणं हा निव्वळ आळस आहे. अहवालात वर जाणारा बाण दाखवायला वेळेचा आकडा सोपा, आणि तो वाढवणं त्याहून सोपं: गिऱ्हाइकाचं काम अवघड करून ठेवायचं.

खुद्द यूट्यूबलाही नुसता वेळ पुरला नाही. गुड्रो यांनीच २०२१ मध्ये लिहिलं की आता बघणाऱ्यांना विचारून तारे घेतले जातात, आणि चार किंवा पाच तारे मिळालेला वेळच सार्थकी लागलेला मानला जातो. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी हे १९८३ मध्येच सांगून ठेवलं होतं: कोणताही आकडा एकटा मोजू नका, त्याची उलटी बाजू दाखवणारा दुसरा आकडा जोडीला ठेवा. गोदामातला साठा कमी करायचं उद्दिष्ट असेल, तर माल संपल्यामुळे किती खोळंबा झाला हेही त्याच कागदावर मांडा. उद्दिष्टं ठरवायची जी पद्धत डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलला शिकवली, ती मूळची ग्रोव्ह यांचीच. आपल्याकडे एजन्सीवाले तिचं इंग्रजी नाव तेवढं उचलतात आणि जोडीचा आकडा गाळतात.

वृत्तपत्रं, पाककृती, दिवाळी अंक, शिकवण्या यांच्याकडे माणूस वाचायलाच येतो. तिथे वेळ मोजणं रास्त आहे, आणि तिथेही तो परत आला का हे जोडीला मोजायला हवं. माझा रोख त्यांच्यावर नाही.

माणूस बाहेर पडायला निघाला की अंगावर येणारी चौकट, 'फक्त दहा मिनिटं शिल्लक' म्हणणारं खोटं घड्याळ, नको म्हटलं तरी पुन्हा पुन्हा विचारणं, हेही एंगेजमेंटच्याच नावाने विकलं जातं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. खोटी घाई आणि सतावणूक या दोन्ही त्यात आहेत, आणि खरेदीसाठी नको तेवढी माहिती सक्तीने घेणंही. एजन्सीने असं काही सुचवलं तर मालकांनी ती यादी तिच्यापुढे ठेवावी.

मग उद्दिष्ट काय लिहायचं? भोसरीच्या मालकांना मी सांगितलं, गिऱ्हाइकाचं काम लिहा. महिन्याला किती जणांनी वेबसाइटवरच्या फोन नंबरवर बोट ठेवलं, किती जणांनी व्हॉट्सॲपवर सीलचा फोटो पाठवला, त्यातल्या किती जणांना माल गेला, आणि त्यातले किती परत आले. जोडीचा आकडा: फोन करून "तुमच्या वेबसाइटवर सापडलं नाही म्हणून विचारतो" असं किती जण म्हणाले. हे शेवटचं कुठलंही यंत्र सांगणार नाही, फोन घेणाऱ्या मुलीने वहीत रेघ मारायची. बाकीचं तांत्रिक काम मोठं नाही. व्हॉट्सॲपच्या दुव्यावर पडलेली टिचकी ॲनालिटिक्स बाहेर जाणारा दुवा म्हणून आपोआप टिपू शकतं. फोन नंबरवरची टिचकी मात्र वेगळी बसवून घ्यावी लागते. एजन्सीशी करार करताना हे लेखी मागा, आणि वेळेचा आकडा पहिल्या पानावर येणार नाही हेही. गूगलने २०२४ पासून भारतात शोधाच्या पानावरच एआयची तयार उत्तरं द्यायला सुरुवात केली आहे, म्हणजे आपल्या दारापर्यंत येणारी माणसं कमीच होत जाणार. जी येतात ती गरज घेऊन येतात. त्यांना फिरवत ठेवणं परवडणारं नाही.

आणि भाव लिहा! हे या सदरात किती वेळा लिहिलं असेल ते वाचकांना ठाऊक आहे, आणि पुन्हा लिहीन. मराठी व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर सगळं असतं, आजोबांचा फोटो असतो, पण दर नसतो. निम्मी माणसं तेवढ्यासाठीच परत फिरतात, अशी माझी खात्री आहे. महाभूमीवर डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला १५ रुपये पडतात, हे शेतकऱ्याला आधी कळतं आणि मग तो पैसे भरतो. त्या वेबसाइटबद्दल तक्रारी असतील, पण दराबद्दल संदिग्धता नाही.

भोसरीचे मालक तक्ता आणि फोन नंबर पुन्हा पहिल्या पानावर आणायला तयार झालेत, फॉर्मही काढणार आहेत. भाव लिहायला अजून तयार नाहीत. शेजारचा प्रतिस्पर्धी वाचेल, आणि घाऊक-किरकोळ दर वेगळे असतात, ही त्यांची दोन कारणं. शेजाऱ्याला तुमचा भाव एका फोनवर कळतो आणि तो त्याने केव्हाच विचारून घेतलाय. दर वेगळे असतील तर दोन रकाने करा: पन्नास नगांच्या आतला दर आणि पन्नासच्या पुढचा. ३५-५२-७ पासून सुरुवात करा, सगळ्यांत जास्त खपणारं माप तेच आहे असं तुम्हीच मला सांगितलंत.