मुलींची मॅच किती वाजता?

"मावशी, उद्या आमची मॅच आहे. आमच्याच कॉलेजात. येशील ना?"

भाचीचा फोन आला तेव्हा मी बचत गटाची वही घेऊन बसले होते.

"किती वाजता गं?"

"साडेबाराला."

"भर दुपारी? या ऑक्टोबरच्या उन्हात?"

"मुलींची दुपारीच असते गं. मुलांची पाचला."

किती सहज म्हणाली ती! सूर्य पूर्वेला उगवतो आणि मुलींची मॅच दुपारी असते, इतकं सहज.

मैत्रिणींनो, मी कला शाखेची पदवीधर. खेळातलं मला फारसं कळत नाही. पण डबा भरला, छत्री घेतली आणि डोंबिवलीहून लोकलने निघाले. कॉलेज कल्याणच्या बाजूचं, लहानसंच. एकीकडे सायकल स्टँड, दुसरीकडे कँटीन आणि मधे सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या विभागीय फेरीचं यजमानपद या कॉलेजकडे आलं होतं. मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ घरच्या कोर्टवर खेळणार होते. मंडपाची कमान उभी होती, रांगोळी काढली होती.

साडेबाराला मुलींची मॅच सुरू झाली तेव्हा प्रेक्षक मोजून सतरा. त्यात मी, पाहुण्या संघाबरोबर आलेल्या एक बाई आणि कँटीनमधली दोन पोरं. सिमेंट इतकं तापलेलं की बुटातूनही चटके बसत होते. मुली खेळत होत्या मात्र अशा, की मी डबा उघडायचं विसरले. उंचीने लहानखुरी एक मुलगी तीन जणींच्या मधून चेंडू काढून नेत होती. आमची भाची, घरी पाण्याचा पेला उचलायला कंटाळणारी, ती पडली, गुडघा सोलला, उठली आणि पुन्हा धावली. मॅच चार गुणांनी हरल्या. मध्यंतरात मुली स्वच्छतागृहाकडे गेल्या तर कुलूप. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई जेवायला गेलेला. शेवटी तशाच परत येऊन खेळल्या.

मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबले. पाच वाजता तेच कोर्ट ओळखू येईना. ढोल-ताशा, शिट्ट्या, गॅलरीत दाटीवाटीने उभी मुलं. प्राचार्य आले, पाहुणे आले, नारळ फुटला. उद्घाटन तेव्हा झालं! म्हणजे दुपारी ज्या मुली जीव तोडून खेळल्या, त्या उद्घाटनाआधीच हरून घरी गेल्या होत्या.

मला राहवेना. खेळाच्या सरांना गाठून विचारलंच. सर भले गृहस्थ. म्हणाले, "ताई, माझीही इच्छा असते हो. पण मुलींच्या घरून सांगतात, सातच्या आत घरी पाठवा. बाहेरून आलेल्या मुलींना बदलापूर, कर्जतची गाडी पकडायची असते. संध्याकाळची मॅच ठेवली तर निम्म्या मुली येतच नाहीत. मग संघ उभा कसा करू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण 'सातच्या आत घरी' हे वाक्य मीच माझ्या घरात शंभरदा उच्चारलंय. माझी स्वतःची मुलगी शाळेत बास्केटबॉल खेळायची. बारावीच्या वर्षी "आता पुरे, अभ्यास बघ" म्हणून मीच तिचे बूट माळ्यावर टाकले. शेजारच्या मुलाचं क्रिकेट मात्र बारावीतही चालू होतं. त्याच्या आईला मीच म्हणायचे, "खेळू दे हो, मुलगा आहे, डोकं ताजं राहतं." मुलाचं डोकं खेळून ताजं राहतं आणि मुलीचं बिघडतं, असं मला कुणी शिकवलं होतं?

घरी आल्यावर मी या खेळाची थोडी माहिती काढली. मुळात हा खेळ मुलींना फार लवकर मिळाला. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये १८९१ साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून तो शोधून काढला. दीड-दोन वर्षांतच, १८९३ मध्ये, जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींची पहिली मॅच भरवली. पुरुषांना बघायला बंदी होती. पण मुलींना फार दमवू नये म्हणून नियम बदलले. कोर्टचे तीन भाग केले आणि आपल्या भागाची रेघ कुणी ओलांडायची नाही, असं ठरवलं. पुढे अनेक वर्षं मुली असा अर्धामुर्धा खेळ खेळत राहिल्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शाळकरी मुलींचा असा रेघ न ओलांडण्याचा खेळ थेट १९९३ पर्यंत चालला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ ला आलं आणि बायकांचं १९७६ ला. मधे चाळीस वर्षं गेली.

मग बदल कसा झाला? १९७२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात खेळाचा शब्दही नव्हता. पण त्याच्या आधारे मुलींनी मैदान मागितलं. त्याआधी तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या, २०१८-१९ पर्यंत त्या ३४ लाखांच्या घरात गेल्या. मुलींना खेळाची आवड नसते म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर काय द्यायचं?

अर्थात कायदा झाला म्हणजे नजर बदलते असं नाही. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा झाली. करोनामुळे सगळ्या मुलांना एका शहरात आणि सगळ्या मुलींना दुसऱ्या शहरात ठेवलं होतं. मुलांना व्यायामासाठी भलामोठा हॉल आणि मुलींना डंबेल्सची एक छोटीशी मांडणी! आयोजक म्हणाले, जागा नव्हती. सेडोना प्रिन्स नावाच्या खेळाडूने मोबाइलवर चित्रण करून दाखवलं, तर मागे हॉलभर जागा मोकळी पडलेली. जगभर बभ्रा झाल्यावर काही दिवसांत सामान आलं. 'जागा नव्हती' आणि 'शिपाई जेवायला गेलाय' या दोन वाक्यांत मला काही फरक दिसत नाही.

आणि याच स्पर्धेत तीन वर्षांनी काय झालं बघा. एप्रिल २०२४ मध्ये मुलींचा अंतिम सामना रविवारी दुपारी, घरोघरी दिसणाऱ्या मोठ्या वाहिनीवर दाखवला. तो पावणेदोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. मुलांचा अंतिम सामना पाहणारे होते सुमारे दीड कोटी. मुलींनी मुलांना मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ. हरलेल्या संघातली जी मुलगी पाहायला लोक लोटले होते, ती केटलिन क्लार्क त्याच आयोवाची, जिथे १९९३ पर्यंत मुलींनी रेघ ओलांडायची नव्हती! 'बायकांचे सामने कुणी बघत नाही' असं आपण म्हणतो. पण बघता येईल अशी वेळ आणि जागा त्यांना कधी दिली होती?

आता आपल्याकडे या. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. महिलांचा आणि पुरुषांचा, दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच स्टेडियममध्ये. दोन्हीत समोर नेपाळ. आपल्या मुलींनी ७८-४० असा विजय मिळवला, मुलांनी ५४-३६ असा. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. मुलींना वेगळी वागणूक नाही, वेगळी वेळ नाही. असंही करता येतं की!

आणि २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तर आपल्या अगदी जवळची. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. पावसाने खेळ उशिरा सुरू झाला, संपायला मध्यरात्र झाली. स्टेडियम भरलेलंच होतं आणि त्यात बायका-मुलींचा केवढा जल्लोष! त्या रात्री आपण घराघरांत टीव्हीसमोर जागलो, पोरींना उठवून दाखवलं. हरमनप्रीत मध्यरात्री चषक उंचावते तेव्हा आपल्या डोळ्यांत पाणी येतं. आणि आपली लेक साडेसातला सरावावरून आली तर आपल्या कपाळावर आठी येते. या दोन्ही बायका एकच आहेत. मी त्यातलीच एक.

उलट उदाहरणही आहे. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली आणि घरोघरी पोचली. २०१६ मध्ये तिच्या जोडीला महिलांची तीन संघांची एक छोटी स्पर्धा घेतली. ती एका हंगामात आटोपली. ज्या महाराष्ट्रात कबड्डी खेळणाऱ्या मुली गल्लोगल्ली आहेत, तिथे ती पुढे चालली नाही याची चर्चाही फार झाली नाही. म्हणजे एकदा मिळालं की कायमचं मिळालं, असं मुलींच्या बाबतीत नसतं. धरून ठेवावं लागतं.

कुणी म्हणेल, खेळून काय मिळणार? सगळ्याच काही विश्वचषकाला जाणार नाहीत. खरं आहे. पण हिशेबच मांडायचा तर नीट मांडू या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना वाढीव गुण मिळतात. विभागातून पुढे गेलेल्या मुलीला विद्यापीठाच्या संघाची आणि तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धेची वाट खुली होते. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली. चेन्नईच्या अनिता पॉलदुराईला २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. वाराणसीच्या प्रशांती सिंगला २०१९ मध्येच मिळाली होती.

आणि हे काहीच नाही मिळालं तरी शरीर मिळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. हाडं मजबूत होण्याचं वयही हेच, शाळा-कॉलेजचं. उड्या मारणं, धावणं यांनी ती भरतात. खेळणारी मुलगी भूक लागली म्हणून जेवते, दमली म्हणून झोपते. आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी मुलींना मी बघते, "मला जमणार नाही" याच वाक्यापासून त्यांचं बोलणं सुरू होतं. चार गुणांनी हरून पुढच्या मॅचची तारीख विचारणारी मुलगी ते वाक्य इतक्या सहज म्हणत नाही.

आपल्या ठाणे, कल्याण-डोंबिवलीला तर हा खेळ सोयीचाच. आपल्याकडे मैदानं किती उरलीत ते तुम्ही जाणताच. पण बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. कॉलेजच्या आवारात, सोसायट्यांच्या मधल्या चौकात बसेल एवढं. जागेची अडचण एवढी मोठी नाही. अडचण संध्याकाळची आहे. दिवे लागले की कोर्ट मुलांचं होतं आणि मुली घरी कूकर लावायला जातात.

अजिंक्य रहाणे आपल्या डोंबिवलीत वाढला. लहान भावाला कडेवर आणि क्रिकेटची बॅग हातात घेऊन आई त्याला चालत सरावाला न्यायची, असं त्याने सांगितलंय. त्या माउलीला नमस्कार. मी स्वतःला विचारते, मुलीच्या बॅगेचं ओझं मी कधी उचललं?

म्हणून मी काही ठरवलंय. तुम्हालाही पटलं तर बघा. मुलगी ज्या कॉलेजात आहे तिथे जाऊन एक साधा प्रश्न विचारायचा, मुलींची मॅच किती वाजता? एका दिवशी मुलं आधी, दुसऱ्या दिवशी मुली आधी, एवढं तर वेळापत्रकात बसतंच. स्वच्छतागृहाची किल्ली सामन्याच्या दिवशी मुलींच्या कर्णधाराकडे द्या, असं लेखी मागायचं. यात पैसा लागत नाही. आणि उशिराची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. रिकामा प्लॅटफॉर्म, स्टेशनबाहेरचा अंधार, रिक्षावाल्यांच्या नजरा, सगळं माहीत आहे. पण त्यावर उपाय मुलीला घरी बसवणं हा नाही. चार घरच्या आयांनी पाळी लावून मुलींना स्टेशनपासून आणायचं, हा उपाय आहे. हळदीकुंकवाला आपण पन्नास जणी जमतो, मग या कामाला चौघी मिळणार नाहीत?

मागच्या रविवारी मी माळ्यावर चढले. मुलीचे बूट सापडले. तळवे सुकून तडकलेले. ती आता ठाण्याला नोकरी करते. बूट बघून हसली, म्हणाली, "आई, आता कशाला काढलेस? ते मला येणारही नाहीत." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं काय?

भाचीची पुढची मॅच याच महिन्यात आहे. बहिणीला आणि तिच्या ओळखीच्या तिघींना घेऊन आम्ही सरांना भेटून आलो. मॅच चार वाजता ठेवलीय. उद्घाटनही तेव्हाच. परतीला आम्ही चौघी मुलींबरोबर लोकलने येणार. उशीर झाला तर होऊ दे. कूकर त्या दिवशी ज्याला भूक लागेल तो लावेल.