आधी डिस्क बदलून पाहा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी नव्या लॅपटॉपची बोलणी सुरू होतात आणि जुना लॅपटॉप कपाटावर जातो. त्याच्याबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. हँग होतो, चालू व्हायला पाच-पाच मिनिटं घेतो, फॉरमॅट मारून आणला तरी महिन्याभरात पुन्हा तेच. दुकानदारही सांगून मोकळा होतो, "आता नवाच घ्या." 2012 ते 2018 च्या दरम्यान घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपांच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांचा प्रोसेसर घरच्या कामाला आजही पुरतो. सगळं अडवून धरते ती आतली फिरती हार्ड डिस्क.

ही डिस्क म्हणजे 1956 साली आयबीएमने रॅमॅक यंत्राबरोबर आणलेल्या कल्पनेचं लहान रूप. चुंबकीय तबकडी फिरते आणि तिच्यावर एक टोक पुढेमागे सरकत माहिती वाचतं. लॅपटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. टोक योग्य जागी सरकायचं, मग हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबायचं. यात वेळ जातो, म्हणून विखुरलेल्या जागांवरून वाचायचं तर सेकंदाला जेमतेम साठ-ऐंशी नोंदी हाती लागतात. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकच कारकून असावा आणि प्रत्येक कागद वेगळ्या दप्तरात बांधलेला असावा, तशी ही गत. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली मागते, शिवाय त्याच वेळी अँटिव्हायरस आणि अपडेटही रांगेत उभे असतात.

तिच्या जागी बसवायच्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी 1984 साली जगापुढे मांडलेल्या फ्लॅश मेमरीवर ती चालते. कुठलीही नोंद तिथे सुमारे दशांश मिलिसेकंदात मिळते आणि स्वस्तातली एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो नोंदी सहज वाचते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला 550 एमबीचा आकडा म्हणूनच मला दुय्यम वाटतो. तो सलग मोठी फाइल वाचण्याचा वेग आहे. जुन्या लॅपटॉपचं साटा पोर्ट निम्म्या वेगाचं असलं तरी फरक लख्ख जाणवतो, कारण वाचतो तो शोधाशोधीचा वेळ.

माझ्या मावसबहिणीचा लॅपटॉप तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हचा. तिच्या शिकवण्या त्यावरच चालत आणि तास सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं ती तो चालू करून ठेवी. आम्ही घरीच मागचे स्क्रू काढले, जुनी डिस्क सरकवून बाहेर घेतली, त्याच खाचेत एसएसडी बसवली. आता तो अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होतो. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला या विषयावर लिहावंसं वाटलं.

खरेदी करताना काही गोष्टी नीट पाहा. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी लागते. एम-टू नावाची पट्टी त्यात बसेलच असं नाही, आणि एम-टूची खाच असली तरी ती साटाची की एनव्हीएमईची हे मॉडेल नंबरावरून तपासावं लागतं. घरच्या कामाला 240 किंवा 256 जीबी पुरते. फोटो फार असतील तर 500 घ्यावी. किंमत आज काही हजारांत असते, पण ती स्थिर नाही. 2023 मध्ये भाव पार उतरले होते, 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवली तसे चढले. तरीही नव्या लॅपटॉपपुढे हा खर्च किरकोळच. मात्र अनोळखी नावाची दोन टीबीची एसएसडी कवडीमोलाने मिळत असेल तर हात लावू नका. अशा खोक्यांत छोटं मेमरी कार्ड भरून आकडा खोटा दाखवलेला सापडतो.

"एसएसडी लवकर झिजते" ही भीती मी अजून ऐकतो. किंग्स्टनच्या ए-400 या साध्या, 240 जीबीच्या ड्राइव्हला कंपनीने 80 टेराबाइट लेखनाची मर्यादा दिली आहे. रोज 20 जीबी लिहिलं तरी त्याला जवळपास अकरा वर्षं लागतात. फक्त ती काठोकाठ भरू नका, थोडी जागा मोकळी राहू द्या. स्वस्त एसएसडी भरत आली की मंदावते.

सगळे आजार याने बरे होत नाहीत. दोन जीबी रॅमवर आजचं ब्राउझर गुदमरणारच; शक्य असेल तिथे आठ जीबी करून घ्या. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रांवर मी लिनक्स मिंट टाकून देतो. त्यात मराठी टायपिंग होतं, ब्राउझर आणि लिबरऑफिस चालतं, पैसे लागत नाहीत. शाळांच्या, ग्रंथालयांच्या कपाटांत बंद पडून राहिलेल्या लॅपटॉपांसाठी तर हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. लॅपटॉपपायी होणाऱ्या प्रदूषणातला मोठा वाटा तो तयार होतानाच पडून गेलेला असतो, त्यामुळे चालतं यंत्र आणखी चार वर्षं वापरणं हाच त्यावरचा सरळ उपाय आहे.

एक काळजी मात्र घ्याच. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा खडखडते, पण एसएसडी काही न सांगता बंद पडू शकते आणि मग आतलं परत मिळणं कठीण. काढलेली जुनी डिस्क दोन-तीनशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घाला आणि दर आठवड्याला बॅकअप त्यावर घ्या. ती टाकायचीच असेल तर आधी पूर्ण पुसा.

आणि नवा लॅपटॉप घ्यायला निघण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. तिथे डिस्कचा रकाना सारखा 100 टक्क्यांवर दिसत असेल आणि आत हार्ड डिस्कच असेल, तर दुकानदाराला लॅपटॉपचा नव्हे, एसएसडीचा भाव विचारा.